500 डॉलरचं सत्र आणि बाकीचा कागद: एका मुलीच्या कॉलेज-निवडीचं प्रकरण

या प्रकरणातली मुलगी, तिची आई आणि आजी यांची ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही. विद्यापीठाचं, म्हणजे एलिझाबेथ सिटी स्टेट युनिव्हर्सिटीचं, नाव मात्र ठेवलं आहे. त्याचा इतिहास आणि त्याचे दर माहीत असल्याशिवाय या घराने काय ठरवलं आणि का ठरवलं, ते कळणार नाही. ज्या इतर कॉलेजांशी तुलना झाली त्यांची नावं दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

मी नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅलीजवळ राहते. शनिवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात बसून बारावीतल्या मुलांना कॉलेजचे अर्ज आणि आर्थिक मदतीचे फॉर्म भरायला मदत करते. 2023च्या नोव्हेंबरात एक कृष्णवर्णीय आजी आपल्या नातीला घेऊन आली. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, म्हणून शनिवारी सकाळी ती झोपलेली असायची. घरात अजून कुणीच चार वर्षांची पदवी घेतलेली नव्हती.

मुलीला विमान चालवायचं होतं. रॅलीच्या विमानतळालगत लोकांना विमानं बघता यावीत म्हणून एक जागा केली आहे. तिथे आजी तिला लहानपणापासून न्यायची, डबा बांधून. कुठलं विमान कुठल्या कंपनीचं हे ती शेपटावरच्या रंगावरून सांगायची. हा नाद तिच्यात इतका मुरलेला होता की पहिल्या भेटीत फॉर्मवरच्या ‘आवडीचे विषय’ या चौकटीत तिने एकच शब्द लिहिला होता.

तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या राज्यातलं एक नावाजलेलं खाजगी कृष्णवर्णीय विद्यापीठ होतं. आईला वाटत होतं, राज्यातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात जावं, नाव झालं की नोकरी मिळते. एलिझाबेथ सिटी स्टेट युनिव्हर्सिटीचं नाव यादीत मी घातलं, आणि तेव्हा दोघींपैकी कुणालाच ते फारसं रुचलं नव्हतं.

हे विद्यापीठ कसलं

अमेरिकेत 1965च्या उच्च शिक्षण कायद्याने ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय’ विद्यापीठांची व्याख्या केली: 1964च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचं शिक्षण हाच मुख्य हेतू असलेली. अशा सुमारे 100 संस्था आज चालू आहेत. एचबीसीयू या आद्याक्षरांनी त्या ओळखल्या जातात. प्रवेश सर्वांनाच खुला असतो, हे आपल्या मराठी घरांतून अनेकदा ठाऊक नसतं.

नॉर्थ कॅरोलायनात अशी पाच सरकारी विद्यापीठं आहेत. ग्रीन्सबरोचं विद्यापीठ देशातल्या एचबीसीयूंमध्ये विद्यार्थिसंख्येने सर्वांत मोठं, आणि एलिझाबेथ सिटीचं या पाचांत सर्वांत लहान. राज्याच्या ईशान्य टोकाला, पास्क्वोटँक नदीकाठच्या गावात ते वसलं आहे. ह्यू केल या कृष्णवर्णीय आमदाराने 1891मध्ये विधिमंडळात त्याच्या स्थापनेचं विधेयक मांडलं. 1892च्या जानेवारीत 23 विद्यार्थी आणि दोन शिक्षक एवढ्यावर वर्ग सुरू झाले. संस्था होती शिक्षक घडवण्याची, म्हणजे नॉर्मल स्कूल. हा शब्द वाचला आणि मला आपलं एकोणिसावं शतक आठवलं. पुण्यातही शिक्षक तयार करणाऱ्या शाळेला नॉर्मल स्कूलच म्हणत.

आजीने मला एकदा विचारलं होतं, भारतातून आलेल्या बाईला आमच्या शाळांची एवढी काळजी का. मी तिला जोतीराव फुल्यांविषयी सांगितलं. 1873मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपल्या लोकांनीही त्यांचा कित्ता गिरवावा ही आशा त्यांनी तिथे बोलून दाखवली. आजीने माझ्याकडून जोतीरावांचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत गुंतल्या होत्या.

पहिली पैशांची. सरकारी मदतीचा जो एकच मोठा फॉर्म असतो, फाफ्सा, तो एरवी 1 ऑक्टोबरला खुला होतो. त्या वर्षी फॉर्म नव्याने रचला होता. तो 2023च्या डिसेंबरअखेर उघडला, आणि भरलेली माहिती कॉलेजांपर्यंत पोचायला 2024चा मार्च उजाडला. देशभरातल्या बारावीच्या मुलांचं वेळापत्रक कोलमडलं. एरवी 1 मेपर्यंत कॉलेज पक्कं करायचं असतं. त्या वर्षी अनेक विद्यापीठांनी मुदत पुढे ढकलली, पण सगळ्यांनी नाही.

दुसरी अडचण विश्वासाची. आईने इंटरनेटवर वाचलं होतं की एलिझाबेथ सिटीचं विद्यापीठ बंद करायचं घाटत होतं. “अर्ध्यातच कुलूप लागलं तर माझ्या लेकीने जायचं कुठे?” हा तिचा प्रश्न. तो उडवून लावण्यासारखा नव्हता. 2014मध्ये राज्याच्या सिनेटने अर्थसंकल्पात एक कलम घातलं होतं: ज्या विद्यापीठाची पटसंख्या 2010 ते 2013 या काळात 20 टक्क्यांहून जास्त घटली आहे, ते बंद करण्याबाबत अभ्यास करावा. नाव लिहिलेलं नव्हतं, पण त्या मापात बसणारं एकच विद्यापीठ होतं. माजी विद्यार्थी आणि गावकरी उभे राहिले आणि कलम मागे घेतलं गेलं. तरी घसरण थांबली नाही. 2010मध्ये 3,300च्या आसपास असलेले विद्यार्थी 2016पर्यंत 1,400च्याही खाली आले.

समोर असलेले पर्याय

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चार कागद टेबलावर होते.

खाजगी विद्यापीठाचं पत्र सर्वांत देखणं होतं. जाड कागद, वर तिचं नाव, खाली ‘तुमची देय रक्कम: शून्य’. आई पहिल्यांदाच शनिवारी स्वतः आली होती, डोळे तांबारलेले, पण हसत. मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, या यादीतली जी ओळ परत फेडावी लागेल ती खोडा. पेल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारं केंद्र सरकारचं अनुदान, राहिलं. शिष्यवृत्ती राहिली. मुलीच्या नावावरचं सरकारी कर्ज खोडलं. मग खाली ‘पालक प्लस’ अशी एक ओळ होती. ती तिला शिष्यवृत्तीच वाटली होती. ते आईच्या नावावरचं कर्ज होतं, आणि यादीतला सर्वांत मोठा आकडा तोच. खोडल्यावर ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हे तर माझ्या वर्षाच्या पगाराच्या निम्मं आहे.”

मोठ्या सरकारी विद्यापीठाने प्रवेश दिला होता, मदतही बरी होती, पण तिथे विमानोड्डाणाची पदवी नव्हती. इंजिनिअरिंग करून पुढे बघू, असं आई म्हणत होती. मुलीला गणित जड जायचं आणि ती मशीनच्या मागे वेडी नव्हती, आकाशाच्या मागे होती.

घरून कम्युनिटी कॉलेज, म्हणजे जवळचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, मग चार वर्षांच्या कॉलेजात बदली, हा तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त. तो आजीला पसंत होता. मीही एका टप्प्यावर त्याच बाजूला झुकले होते.

चौथं एलिझाबेथ सिटी. राज्यातल्या विद्यार्थ्याला एका सत्राची ट्यूशन, म्हणजे नुसती शिकवण्याची फी, 500 डॉलर, म्हणजे वर्षाला 1,000. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला सत्राला 2,500. ‘एनसी प्रॉमिस’ नावाची ही योजना 2016मध्ये विधिमंडळाने मंजूर केली आणि 2018च्या शरद सत्रापासून तीन विद्यापीठांत लागू झाली: एलिझाबेथ सिटी, पेम्ब्रोक आणि वेस्टर्न कॅरोलायना. फेयेटविलचं विद्यापीठ 2022मध्ये त्यात आलं. विद्यापीठाला पडणारी तूट राज्य भरून देतं. या योजनेवर तेव्हा मोठा वाद झाला होता. ट्यूशन इतकी उतरवली आणि पुढे राज्याने हात आखडला तर कृष्णवर्णीय विद्यापीठं आतून पोखरली जातील, अशी अनेक माजी विद्यार्थ्यांची भीती होती. मला आजही ती भीती रास्त वाटते. पण पट वाढला हेही खरं: 2018मध्ये 1,600च्या पुढे आणि 2020पर्यंत पुन्हा 2,000च्या घरात.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा: स्वस्त म्हणजे नेमकं काय स्वस्त. 500 हा आकडा फक्त ट्यूशनचा. वर्षाच्या सक्तीच्या फीची बेरीज ट्यूशनहून जास्त भरते, आणि वसतिगृह व जेवण हा तर सगळ्यांत मोठा खर्च. ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा आजी जरा नाराजच झाली, जणू कुणी फसवलं. फसवणूक नव्हती, सगळं छापलेलं होतं. पण फलकावर 500 झळकतात आणि बाकीचं तळाशी असतं, तेव्हा तळापर्यंत वाचावंच लागतं.

बेरीज अशी मांडली. एका बाजूला ट्यूशन, फी, खोली, जेवण, पुस्तकं. दुसऱ्या बाजूला पेल, त्या वर्षी जास्तीत जास्त 7,395 डॉलर, आणि ते पूर्ण मिळालं होतं. शिवाय राज्याची त्याच वर्षी सुरू झालेली ‘नेक्स्ट एनसी’ शिष्यवृत्ती. 80,000 डॉलर किंवा त्याहून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या पात्र मुलांना सरकारी विद्यापीठासाठी पेलसकट किमान 5,000 मिळतील अशी ती हमी. या मुलीचं पेलच त्याहून जास्त होतं, त्यामुळे राज्याकडून त्यावर किती पडतात हे मदत-कार्यालयाला फोन करून विचारावं लागलं. जे उरलं ते उन्हाळ्याची नोकरी आणि पहिल्या वर्षाचं छोटं कर्ज यांत बसणारं होतं. पालकाच्या नावावर काहीच नाही.

कर्जाची मर्यादाही लिहून काढली. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500, मग दोन वर्षं 7,500, एकूण 27,000. याच्या आत राहायचं, आणि आईने सही करायची नाही, असा आम्ही ठाम नियम केला. पुढची सगळी चर्चा त्या नियमामुळे सोपी झाली.

दुसरी जागा: उड्डाणाचा खर्च. एलिझाबेथ सिटीत विमानशास्त्राची पदवी आहे, विद्यापीठाची स्वतःची विमानं आहेत. पण हवेतल्या तासांचे पैसे ट्यूशनमध्ये येत नाहीत, बहुतेक ठिकाणी येत नाहीत. खाजगी वैमानिकाच्या परवान्याला नियमाने किमान 35 ते 40 तास लागतात, आणि बहुतेकांना त्याहून जास्त. व्यावसायिक परवान्याला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात 190 तास, एरवी 250. प्रत्येक तासाला विमान, इंधन, शिक्षक. इथे मी कमी पडले, ते पुढे सांगते.

तिसरी जागा: बंद पडण्याची भीती. आईला मी पटाचे आकडे दाखवले, संस्थेची मान्यता चालू आहे हे दाखवलं, आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्याची ट्यूशन सलग आठ सत्रं तीच राहते हा नियम दाखवला. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्रश्न बदलण्याचा. ‘बंद पडेल का’ याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. ‘पहिल्या दोन वर्षांची क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची मोजणी, दुसरीकडे नेता येतील का’ याचं उत्तर देता येतं, आणि एकाच राज्यव्यवस्थेतल्या सरकारी विद्यापीठाबाबत ते बरंचसं आश्वासक असतं.

एक आकडा मी लपवला नाही. सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण या विद्यापीठात निम्म्याहून कमी आहे. आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, इथले निम्म्याहून जास्त विद्यार्थी पेल घेणारे आहेत. एखादी गाडी बिघडली, घरी कुणी आजारी पडलं, की सत्र सुटतं. आकडा त्यामुळे पुसला जात नाही. पण तुमची लेक कुठल्या कारणाने अडकू शकते, ते आपण आत्ताच बोलून ठेवू शकतो. त्या दिवशी आम्ही अशा चार गोष्टी लिहिल्या. त्यातली एक होती: घरून फोन आला तर आठवडा बुडवून यायचं नाही, आजी बघेल.

काय केलं

एप्रिलअखेर आम्ही चौघी गाडीने गेलो. अडीच-तीन तासांचा रस्ता, सपाट शेतं. गावाजवळ तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे, तिथलं पांढरं-केशरी विमान डोक्यावरून गेलं आणि मुलगी मागच्या सीटवरून अर्धी बाहेर आली. विल्बर राइट 1900मध्ये पहिल्यांदा किटी हॉककडे निघाला तेव्हा याच गावात उतरून होडीच्या शोधात होता, हे तिने आम्हाला सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.

विद्यापीठ छोटं. ज्या वर्गात बसू दिलं तिथे जेमतेम पंधरा मुलं होती आणि प्राध्यापक प्रत्येकाला नावाने विचारत होते. भोजनगृहात वाढणाऱ्या बाईंनी मुलीच्या ताटाकडे बघून म्हटलं, “बाळा, एवढ्यानं काय होतंय?” आणि आणखी एक चिकनचा तुकडा ठेवला. आजीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच झाला.

कॅम्पस दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मी बाजूला घेऊन विचारलं, इथे काय आवडत नाही. त्याने सरळ सांगितलं: शनिवार-रविवारी निम्मी मुलं घरी जातात, ओस वाटतं, गाडी नसेल तर अडचण होते, मोठी दुकानं बघायची तर व्हर्जिनियात, पाऊण-एक तासावर. मुलीने हे वहीत लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर कुणी काही बोललं नाही. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा आईच म्हणाली, “हिला इथे कुणीतरी ओळखेल.” मेच्या पहिल्या आठवड्यात प्रवेश पक्का केला. खाजगी विद्यापीठाला नकाराचं पत्र मुलीने स्वतः लिहिलं. त्या दिवशी ती रडली, आणि आम्ही तिला रडू दिलं.

निकाल

ऑगस्ट 2024मध्ये ती रुजू झाली. पहिलं सत्र ठरल्यासारखं गेलं नाही.

वैमानिक व्हायचं तर विमान वाहतूक प्रशासनाने नेमलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते आम्ही जुलैत करायला घेतलं. तिला लहानपणी दमा होता, इनहेलर चालू होता. डॉक्टरांनी जुने कागद, फुप्फुसांची चाचणी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र मागितलं. लहानपणीचा दवाखाना बदललेला, कागद विखुरलेले. प्रमाणपत्र हाती आलं तोवर सप्टेंबर संपत आला होता आणि त्या सत्रातली उड्डाणाची जागा गेली होती. सोबतच्या मुली-मुलं हवेत जात होती आणि ही जमिनीवरचे विषय शिकत होती.

ऑक्टोबरात ती सकाळच्या गणिताला दोनदा गेली नाही. तिसऱ्या दिवशी प्राध्यापिकेचा फोन. ओरडणं नाही, “ठीक आहेस ना, ऑफिसात ये,” एवढंच. हजारांच्या गर्दीत हा फोन आला असता का, मला सांगता येणार नाही. इथे आला. शिकवणी लावली गेली, विषय सुटला.

2025च्या वसंत सत्रात उड्डाण सुरू झालं. किनाऱ्याजवळचं वारं, मार्च-एप्रिलात किती तरी दिवस रद्द. मे महिन्यात तिने पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं. इथे रीत आहे, पहिल्या एकल उड्डाणानंतर शर्टाची पाठ कापून त्यावर तारीख लिहितात. तो कापलेला निळा तुकडा आजीने चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आहे. खाजगी वैमानिकाचा परवाना त्याच वर्षीच्या शरदात मिळाला. पहिल्या वर्षाचं कर्ज 3,500च्या आतच राहिलं, तेही शिकत असताना व्याज न चढणारं. आईने कशावरही सही केलेली नाही.

पुन्हा करायचं तर

वैद्यकीय तपासणी फेब्रुवारीत करून घेईन, प्रवेशाचं ठरण्याआधी. दमा, चष्मा, लक्ष लागत नाही म्हणून घेतलेली गोळी, काहीही असो, कागद गोळा करायला वेळ लागतो. प्रमाणपत्र मिळणारच नाही असं निघालं असतं तर अख्खा निर्णय बदलला असता. तेही आधी कळायला हवं होतं. शिवाय तपासणी सुरुवातीलाच पहिल्या श्रेणीची करावी, म्हणजे विमान कंपनीत जायचा रस्ता मोकळा आहे की नाही ते समजतं.

उड्डाणाच्या खर्चाचा चार वर्षांचा तक्ता लेखी मागून घेईन. आम्ही पहिल्या वर्षाचा विचारला आणि त्यावर समाधान मानलं. ही चूक माझी. मी बेरीज-वजाबाकीत तरबेज समजते स्वतःला, आणि तरीही पुढची तीन वर्षं विचारली नाहीत. वैमानिक न होताही विमानक्षेत्रात पदवी घेता येते, व्यवस्थापनात किंवा ड्रोनमध्ये. तो पर्याय मुलीसमोर आधीच ठेवला असता तर पहिल्या सत्रात ती इतकी खचली नसती.

भेटीलाही शरदातच जायला हवं होतं. फाफ्साची वाट बघत आम्ही सगळंच थांबवून धरलं. गाव बघायला, वर्गात बसायला आणि एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारायला कुठलाही फॉर्म लागत नाही.

आणि खाजगी विद्यापीठाविषयी मी तिच्याशी आधी बोलायला हवं होतं, पत्र यायच्या कितीतरी आधी. पेन्सिलने ओळी खोडताना आकडे बरोबर होते, पण ते स्वप्न तिचं होतं आणि मी ते भर टेबलावर, आईसमोर, पाच मिनिटांत संपवलं.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर विमान उडवण्याची परवानगी, आणि व्यावसायिक परवाना यांचे तास तिसऱ्या वर्षी सुरू होतील, आणि त्या पैशांची सोय अजून पूर्ण झालेली नाही. दोन शिष्यवृत्त्यांचे अर्ज गेले आहेत. 27,000ची मर्यादा मोडायची का, यावर परवा फोनवर आई आणि लेक यांचं मत एक झालं नाही. येत्या शनिवारी तिघी वाचनालयात येणार आहेत. आजी म्हणाली, पेन्सिल ती आणेल.